एमिलची सीट

१

माझ्या नवऱ्याला घाबरायला फार आवडायचं. एरवी एमिल हुडाक म्हणजे अगदी साधा माणूस. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या काढायचा, आणि कोबी भरलेल्या पिरोगी ताटभर समोर आल्या की त्याचं जगाशी काही भांडण उरायचं नाही. पण सप्टेंबर लागला की त्याच्या अंगात यायचं. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियाचा भलामोठा कागदी नकाशा तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचा. एका कोपऱ्यावर मीठदाणी, दुसऱ्यावर साखरेचा डबा, तिसऱ्यावर त्याचा कॉफीचा मग, आणि चौथा कोपरा दाबून धरायला मी.

"हे बघ लोरेटा, इथं एक बंद पडलेला तुरुंग आहे. कोठड्यांची दारं आपोआप वाजतात म्हणे."

"आपल्या न्हाणीघराचं दारही आपोआप वाजतं. ते कर आधी नीट."

"आणि तुरुंगाजवळच सफरचंदाचे गरमागरम डोनट मिळतात."

"हं. मग जाऊ."

त्याचा नियमच होता, भीती पोटभर असावी पण खाणं त्याहून पोटभर. दर ऑक्टोबरला आम्ही असं एखादं ठिकाण पाहून यायचो. मी कुरकुरत, तो शीळ घालत. मोठी सहल मात्र त्यानं राखून ठेवली होती. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. मग ऑक्टोबरअखेर निवांत निघायचं, मक्याच्या शेतातला भूलभुलैया, तो तुरुंग, जिन्यावर पावलं वाजतात अशी एक जुनी खानावळ, आणि हॅलोविनच्या संध्याकाळी घरी. "पोर्चवर बसायला मी नको का?" असं म्हणून त्यानं परतीचा रस्ता लाल पेन्सिलीनं दोनदा गिरवला होता.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी बेसबॉल बघता बघता तो खुर्चीतच गेला. मला वाटलं, डोळा लागला. थंडीला तो फार कच्चा, म्हणून मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, टीव्ही बंद केला आणि झोपायला गेले. आमचा निरोप तो एवढाच. इतक्या वर्षांच्या संसाराचा शेवट मी टीव्हीचं बटण दाबून केला, हे मला आत कुठंतरी सारखं टोचत राहिलं.

त्याची राख आम्ही परसातल्या मेपलखाली टाकली. तसं त्यानंच सांगून ठेवलं होतं. "समुद्रात वगैरे नेऊ नका, मला बोटीत मळमळतं."

सप्टेंबरात आमची लेक कोरीन पिट्सबर्गहून आली आणि तिनं ड्रॉवरमधून नकाशा काढून टेबलावर पसरला. कॉफीच्या मगाचा गोल डाग अजून त्यावर होता.

"आई, ही सहल आपण करायची."

"मला कुठं आवडतात गं भुतंखेतं? मी आपली बाबासाठी जायचे."

"मग बाबासाठीच जाऊ."

तिनं फोनवर जवळचा रस्ता शोधला. मी म्हटलं, जवळचा नको, लाल पेन्सिलीचाच हवा. बाकी सगळं तिनं ठरवलं, कुठं राहायचं, कुठं खायचं, काय बघायचं. माझं फक्त एकच ठरलं होतं. या वाटेवर कुठंतरी, जागा सापडेल तिथं, मी एमिलचा नीट निरोप घेणार होते, तोंडानं, शब्दांत.

२

आमच्या गल्लीत हॅलोविनला घरोघरी पोर्चवर बुजगावणं बसवतात. जुने कपडे घ्यायचे, त्यांत वाळकी पानं कोंबायची, उशीच्या अभ्र्याचं डोकं करायचं आणि मांडीवर चॉकलेटांचं भांडं ठेवायचं. आमच्या पोर्चवर मात्र बुजगावण्याच्या वेषात एमिल स्वतःच बसायचा. चौकड्यांचा शर्ट, सुतारकामाची ढगळ विजार, बूट, हातमोजे, तोंडावर अभ्रा. तासन् तास हलायचा नाही. मुलं घाबरत घाबरत जवळ यायची. खरं की खोटं हे ओळखायला एखादं धीट पोर त्याचा हातमोजा हळूच उचलून बघायचं, आणि तो हात मिटायचा. मग जी किंकाळी उठायची ती पार कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत ऐकू जायची.

"आपण बाबालाच घेऊन जाऊ या," कोरीन म्हणाली. "त्याच्याच कपड्यांचं बुजगावणं करू. बसव तुझ्या शेजारी."

"लोक हसतील."

"हसू देत की. बाबाला तेच हवं असायचं."

निघायच्या दिवशी परसात पानांचा नुसता खच पडला होता. मेपलखालची सगळ्यांत छान होती, लालबुंद आणि कोरडी, पापडासारखी वाजणारी. आम्ही दंताळ्यानं ती ओढली आणि दोघींनी मिळून शर्ट भरला, विजार भरली, बोटाबोटांत कोंबून हातमोजेसुद्धा भरले. मी त्याच्या शर्टाची बटणं लावली. कितीतरी महिन्यांनी मी त्या दिवशी मोकळेपणानं हसले, हे कबूल करायला हवं.

शेजारचा वेंडेल त्याला गाडीत बसवायला आला. एका हातानं त्यानं बुजगावणं उचललं.

"काय रे एमिल, फारच खंगलास! लोरेटा जेवायला घालत नाही वाटतं?"

"जिवंतपणी ऐकलं नाही ते आता तरी ऐकेल," मी म्हटलं. "आयुष्यभर स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आता बस म्हणावं गपगुमान बाजूला."

आमची गाडी जरा आगाऊ आहे. बाजूच्या सीटवर थोडं वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला की ती टिंगटिंग करत सुटते. बटाट्यांची पिशवी ठेवली तरी करते. एमिलला बसवलं तेव्हा ती गप्प राहिली. तो घसरू नये म्हणून मीच पट्टा ओढून त्याच्या पोटाशी घट्ट केला. कोरीन मागच्या सीटवर पाय पसरून बसली आणि आम्ही निघालो.

३

पहिला दिवस मजेत गेला. सिग्नलला शेजारच्या गाड्यांतले लोक हात हलवायचे, कोरीन मागून त्याच्या बाहीनं त्यांना हात करायची. फक्त एक आवाज होता.

एमिल कधी नाइलाजानं माझ्या बाजूला बसलाच, तर मी ब्रेक लावायच्या आधी तोच आपल्या बाजूच्या, पायाखालच्या रिकाम्या पत्र्यावर पाय दाबायचा. धप्प. तेवढ्यावरून आमची किती भांडणं झाली असतील! त्या दिवशी दुपारी पुढं एक ट्रक हळू झाला आणि मला डावीकडून नव्हे, उजवीकडून, त्या बुटांच्या बाजूनं ऐकू आलं, धप्प. त्यानंतर मी ब्रेक लावला.

आधी आवाज आणि मग ब्रेक. मी स्वतःला समजावलं की असं काही नसतं, आधी ब्रेकच लागला असणार. पट्टा वर घट्ट असला तरी पाय मोकळे आहेत, बूट पुढं आदळतात. पुढच्या सिग्नलला मी मुद्दाम कान देऊन राहिले. तिथं काहीच वाजलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग लक्षात आलं की मला थोडं वाईटही वाटलंय.

मक्याच्या भूलभुलैयात आम्ही चुकलो, ओरडलो, सफरचंदाचं गरम सायडर प्यायलो. परत आलो तर गाडीच्या काचा थंडीतही स्वच्छ होत्या. एकच काच धुरकटली होती, त्याच्या बाजूची, आणि तीही आतून.

"पानं श्वास सोडतात गं, आई," कोरीन म्हणाली. "शाळेत नव्हतं का शिकवलं?"

"झाडावरची सोडतात. ही वाळकी आहेत."

"मग ओल असेल त्यांत." तिनं रुमालानं काच पुसली आणि आपल्या जागी जाऊन बसली. बराच वेळ ती फोनमध्ये बघत होती, पण फोन बंद होता.

४

दुसऱ्या दिवशी तुरुंग. वाटाड्यानं दारं वाजवून दाखवली, दिवे घालवले, एका कोठडीतून कुणीतरी भसकन अंगावर आलं. एमिल असता तर पोट धरून हसला असता. माझं लक्षच नव्हतं. भीती दाखवायला पगारी माणसं ठेवलेली बघून मला उलट धीर आला होता.

गाडीत बसलो, मी किल्ली फिरवली आणि गाडी टिंगटिंग करू लागली.

"पट्टा लाव गं," मी मागं न बघता म्हटलं.

"लावलाय मी."

मी उजवीकडे पाहिलं. एमिलचा पट्टा सुटलेला होता आणि जागेवर जाऊन बसला होता, जसा तो नेहमी थांब्याच्या आधीच सोडून मोकळा व्हायचा तसा.

"तू सोडलास?"

"मी कशाला सोडू?"

गाडी वाजतच राहिली. मी वाकून पट्टा ओढला. काल जो ओढून त्याच्या पोटाशी घट्ट करावा लागला होता, तो आज पुरेना. बराच मोकळा करून घ्यावा लागला, तेव्हा कुठं खटका बसला. टिंगटिंग थांबली. वाकलेली असताना मला वास आला. तो पानांचा नव्हता. लाकडाच्या भुशाचा होता, आणि त्यात पेपरमिंटच्या गोळीचा.

"ओलीनं वजन वाढतं," कोरीन मागून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, आपण याला डिकीत टाकू या?"

"बाबाला डिकीत?"

"बाबा नाहीये तो," ती म्हणाली.

दिवस कलायला आला तेव्हा महामार्गावरच्या एका थांब्यावर मी गाडी लावली. स्वच्छतागृह, चार लाकडी बाकं, मागं तारेचं कुंपण आणि पलीकडं कापणी झालेलं शेत. कोरीन उतरून गेली. मी इंजिन बंद केलं.

गाडी शांत झाली की तिचं इंजिन थंड होताना बारीक टकटक करतं. ती टकटकही थांबली. मग मला दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं. शर्टाच्या आत पानं अगदी हलकी सरकायची, थांबायची, परत सरकायची. एका ठेक्यात. रात्री उशीला कान लावून मी तो ठेका वर्षानुवर्षं ऐकला होता.

त्याचा हातमोजा आमच्या दोघांच्या मधे पडला होता. सकाळी मीच तो त्याच्या मांडीवर ठेवला होता.

मला बोलायचं होतं. जागा हीच, वेळ हीच, हे मला कळत होतं. 'एमिल' एवढं तरी म्हणायचं. त्याऐवजी मी काय केलं, तर तो हातमोजा दोन बोटांनी हळूच उचलून पाहिला.

तो भरलेला होता. पानांनी नव्हे. आणि तो मिटला. जोरात नाही, माझी बोटं धरण्यापुरताच.

मी किंचाळले. दार उघडून बाहेर पडले, पलीकडं धावले, त्याचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि त्याला काखेत धरून ओढलं. तो जड होता. एप्रिलमधल्या त्या सकाळी मी त्याला खुर्चीतून उचलायला बघितलं होतं, ते वजन माझ्या हातांना ठाऊक होतं. कुंपणापर्यंत मी त्याला कसं फरपटत नेलं, देव जाणे. तिथं मी शर्टाची बटणं तोडली आणि तो उलटा करून झटकला. विजार झटकली, बूट आपटले, हातमोज्यांची बोटं पिळून रिकामी केली. पानंच पडली, सगळी पानं, लाल आणि कोरडी ठाक.

कोरीन धावत आली. "आई! काय केलंस हे?"

"भिजली होती. वास मारत होती."

तिनं वाकून एक पान उचललं. तिच्या मुठीत त्याचा चुरा झाला. हात झटकून ती जाऊन मागं बसली. मी रिकामे कपडे डिकीत कोंबले.

गाडी थांब्यावरून बाहेर काढताना मी आरशात बघितलं. बघायला नको होतं. कुंपणापाशी त्या ढिगाजवळ कुणीतरी उभं होतं. नुसत्या गंजीफ्रॉकवर, हात काखांत दाबून, खांदे वर ओढून. थंडीत तो असाच उभा राहायचा. तोंड मला दिसलं नाही. मग त्यानं एक हात काखेतून काढला आणि हलवला. तो निरोपाचा हात नव्हता. मी गाडी मागं घेताना तो मागं उभा राहून जो हात करायचा तो होता, पंजा स्वतःकडे वळवून, ये, ये, अजून ये, येऊ दे.

मी पाय ॲक्सिलरेटरवर दाबला.

५

खानावळीच्या जिन्यावर त्या रात्री एकही पाऊल वाजलं नाही. डोनट आम्ही घेतले आणि खाल्ले नाहीत. गाडी गप्प होती, बाजूची सीट रिकामी होती, आणि मी ब्रेक लावला की फक्त ब्रेकच लागत होता. इतकं शांत मला कधी नको झालं नव्हतं.

लाल पेन्सिलीनं दोनदा गिरवलेल्या रस्त्यानं आम्ही हॅलोविनच्या दुपारी घरी आलो. पोर्चवर त्याची खुर्ची होती. ती तशीच ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी रिकामा शर्ट तिच्या पाठीवर घातला, हातमोजे दोन्ही हातांवर ठेवले आणि मधे चॉकलेटांचं भांडं.

उजेड असतानाच मुलं यायला लागली. वेंडेलची नात मेबल अंतराळवीर होऊन आली होती. तिनं खुर्चीपुढं थांबून एक हातमोजा उचलला, थोडा वेळ धरला आणि परत होता तसा ठेवला.

"ते नाहीत गं आता," मी म्हटलं.

"माहितेय मला. मी नुसतं बघितलं."

"घाबरायचीस ना तू त्यांना?"

"हो, खूप!" ती म्हणाली. "ते हात पकडायचे, मग मी ओरडायचे. पण ओरडून झालं ना, की मग हसायचं असतं. आपण हसलो की ते अभ्रा काढतात आणि पेपरमिंटची गोळी देतात."

ती उड्या मारत निघून गेली. मी खांबाला धरून उभी राहिले.

ओरडून झालं की हसायचं असतं. गल्लीतल्या शेंबड्या पोरांना ठाऊक होतं, आणि त्याच्या बायकोच्या लक्षात आलं नाही. तो घाबरवायला आला नव्हता. तो सहलीला आला होता, आणि जे त्याला सगळ्यांत छान जमायचं ते त्यानं माझ्यासाठी एकदा करून दाखवलं होतं. मी फक्त किंचाळले. अभ्रा काढायला मी त्याला वेळच दिला नाही.

नंतर मी परसात गेले. मेपलखालची जमीन आम्ही दंताळ्यानं पार मातीपर्यंत साफ केली होती. राख टाकली होती ती हीच जागा. त्या झाडानं उन्हाळाभर मुळांनी काय ओढून घेतलं असेल आणि आम्ही दोघी हसत हसत कशात काय भरत होतो, हे तिथं उभी राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं. आणि मी त्याला नेऊन कुठं ओतलं होतं, तेही.

६

सकाळी उजाडताच मी निघाले. कोरीन म्हणाली, मी येते. मी तिला नको म्हटलं. त्याचं खुर्चीवरचं पांघरूण बरोबर घेतलं.

थांब्यावर मी गाडी उलटी लावली, कुंपणाच्या बाजूनं मागं घेत. आरशात बघत, अगदी हळू. कुणी हात करत नव्हतं. रात्री वारा सुटला असावा. ढीग राहिला नव्हता. कुंपणाच्या तारेत काही पानं अडकली होती, पण ती ओकची होती, आमची नव्हेत. शेत लांबवर उघडं पडलं होतं. मी त्याला हाका मारल्या. निरोपाचे जेवढे शब्द साठवले होते ते सगळे त्या शेताला सांगितले. शेजारी गाडी लावणारी एक बाई पोरांना घेऊन चटकन आत गेली. पांघरूण मी कुंपणावर घातलं. थंडी मी म्हणत होती.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. वसंतात मेपलला पुन्हा पानं फुटली, ऑक्टोबरात लाल झाली. गेल्या आठवड्यात मी एकटीनंच ती ओढली. शर्टाला नवी बटणं लावली होती. छाती भरली, बाह्या भरल्या, हातमोज्यांच्या बोटाबोटांत पानं कोंबली, आणि एका हातानं उचलून त्याला बाजूच्या सीटवर बसवलं. पट्टा मुद्दामच लावला नाही.

त्या थांब्यापर्यंत गाडीनं एकदाही टिंग केलं नाही. दर सिग्नलला मी ब्रेक लावायला उशीर केला, मागून शिव्या खाल्ल्या, पण बूट वाजला नाही. तिथं पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि त्याची टकटक थांबेपर्यंत वाट पाहिली. मग दोन बोटांनी त्याचा हातमोजा उचलला आणि अलगद धरला. आतली पानं चुरचुरली आणि मोडली.

कोण जाणे, वाट बघत असेल तर, म्हणून मी मोठ्यानं हसून दाखवलं.